फोम बोर्ड लेझरवर घालण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला अंबडमध्ये आमचा लेझर कटिंगचा छोटा गाळा आहे. यंत्र एकच, ६० वॉटच्या काचेच्या ट्यूबचं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचं लेझर. वर्षभर आर्किटेक्चरची मुलं मॉडेलसाठी येतात, आषाढ संपला की मखरवाले येतात. दोघांच्याही हातात पांढरी शीट असते आणि तोंडी एकच वाक्य, "ताई, फोम बोर्ड आहे, तेवढं कापून द्या." माझा पहिला प्रश्नही ठरलेला असतो : कुठला फोम? नावावरून शीट ओळखता येत नाही, तपासूनच ओळखावी लागते. ती कशी तपासायची हे दर वेळी उभ्या उभ्या सांगते, आज नीट बसून लिहिते आहे.

फोम बोर्ड म्हणजे नक्की काय? दुकानात तर सगळ्यालाच सनबोर्ड म्हणतात.

तिथेच घोळ आहे. शालिमार किंवा मेनरोडच्या दुकानांत "पाच एमएमचा सनबोर्ड द्या" म्हटलं की एका दुकानात एक वस्तू मिळते, शेजारच्या दुकानात दुसरी. आमच्याकडे येणाऱ्या शीट साधारण पाच जातींच्या असतात.

पहिला खरा फोम बोर्ड. दोन बाजूंना कागद, मध्ये पॉलिस्टायरीनचा बारीक फोम. दुसरा पीव्हीसी फोम शीट, म्हणजे साइनबोर्डवाल्यांचा सनबोर्ड. त्याला कागद नसतो, आरपार एकच कडक माल असतो. तिसरं थर्मोकोल, ते तोडलं की साबुदाण्यासारखे दाणे सुटतात. त्याचाच चुलतभाऊ म्हणजे निळ्या किंवा गुलाबी रंगात येणारा, गच्चीच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो दाणे नसलेला फोम. चौथी क्राफ्टची ईव्हीए शीट, रबरासारखी वाकणारी. पाचवा पॅकिंगचा मऊ पांढरा पॉलिथिन फोम, टीव्हीच्या खोक्यात असतो तो.

या पाचांत पीव्हीसी सोडून बाकीच्यांवर निदान विचार तरी करता येतो. पीव्हीसीवर लेझर चालवायचाच नाही.

दुकानदार म्हणाला, लेझरला चालतं. तरी तपासायचं का?

हो, तरीही.

सुरुवातीच्या वर्षी मी एका ठिकाणाहून फोम बोर्ड म्हणून वीस शीट आणल्या होत्या. वरची एक हातात घेऊन पाहिली, कागदाचीच होती. गठ्ठ्यातल्या खालच्या चार कागदाच्या नव्हत्या. घाईत त्यातली एक यंत्रावर गेली. नाकातोंडात झोंबलं तेव्हा लगेच यंत्र थांबवलं, पण तोवर हातभर कट झाला होता. पावसाळ्याचे दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर रुळांवर हात फिरवताच बोटाला तांबूस पूड लागली आणि लेन्सवर साय धरल्यासारखा पडदा. लेन्स बदलावी लागली. रूळ घासून तेल लावले, तरी एका टोकाला पट्टा अजून अडखळतो. चूक माझीच, प्रत्येक शीट पाहिली नव्हती. तेव्हापासून गठ्ठ्यातली शीट न् शीट बोटाने दाबून, कड बघूनच यंत्राच्या बेडवर जाते.

पीव्हीसीला एवढा विरोध का? एखाददुसरी शीट कापली तर काय बिघडतं?

पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. लेझरने तो तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. बरेच जण याला क्लोरीन वायू म्हणतात, पण बाहेर पडतो तो मुख्यतः हाच. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं. तेच आम्ल तुमच्या घशात, डोळ्यांत आणि यंत्राच्या रूळ, बेअरिंग, आरसे, लेन्स यांवर बसतं. नाशिकच्या श्रावणातली दमट हवा त्याला आणखी हातभार लावते. गंज दुसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून कापताना "काही झालं नाही" असं वाटतं. फुप्फुसाचं तर दिसतही नाही.

एक शीटही नको.

मग घरच्या घरी ओळखायचं कसं?

आधी डोळे आणि हात. कापलेली कड उजेडात धरा. खऱ्या फोम बोर्डाची कड दोन पोळ्यांमध्ये सारण असावं तशी दिसते. कोपरा पाण्याने ओला केला की कागद सुटू लागतो. नखाने दाबलं तर फोम खचतो आणि खचलेलाच राहतो. सनबोर्डाची कड एकसारखी असते, नख सहजी रुतत नाही, ठोकलं तर टकटक वाजतं. ईव्हीए दाबलं की परत वर येतं.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा. पाच मिलिमीटर जाडीचा ए-फोर आकाराचा तुकडा कापून ठेवा. कागदी फोम बोर्ड साधारण ५० ग्रॅमच्या आत राहतो, पीव्हीसीचा सनबोर्ड १०० च्या पुढे जातो. आकडे कंपनीप्रमाणे बदलतील, पण या दोघांमधलं अंतर इतकं असतं की गल्लत होत नाही. ही सगळ्यात सोपी चाचणी आहे आणि तीच कुणी करत नाही.

तरी शंका उरली तर तांब्याची तार. रसायनतज्ज्ञ बाइलस्टाइन यांनी १८७२ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. घरातल्या वायरिंगच्या वायरचा वीतभर तुकडा घ्या आणि वरचं प्लास्टिक पूर्ण सोलून काढा. ते प्लास्टिकही बहुधा पीव्हीसीच असतं, त्याचा कण राहिला तर तार आपोआप हिरवी जळेल आणि तुम्ही फसाल. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, पकडीत तार धरा आणि गॅस टॉर्चच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. ज्योतीतला सगळा हिरवा रंग जाईपर्यंत तापवत राहा. मग गरम तार शीटच्या छोट्या तुकड्याला टेकवा, तारेवर थोडा माल वितळून चिकटेल. तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत गर्द हिरवी झाली तर त्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे. शीट परत करा.

पहिल्यांदा करत असाल तर सोललेल्या वायरच्या प्लास्टिकवरच एकदा करून बघा. तो हिरवा एकदा डोळ्यांत भरला की पुढे शंका राहत नाही. त्यानंतर तार पुन्हा जाळून स्वच्छ करा, मगच खरा नमुना. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरे, धूर नाकात जाऊ देऊ नका.

कागद, आतला फोम आणि वर काही चिकटवलेलं असेल तर तेही, असे सगळे थर वेगवेगळे तपासा. फ्लेक्सच्या दुकानातून छापून आणलेल्या बोर्डावर विनाइलचा थर असतो आणि विनाइल म्हणजे पीव्हीसीच. आत खरा फोम बोर्ड असूनही वरच्या छपाईमुळे तो लेझरसाठी बाद होतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

पाण्यात टाकून ओळखता येत नाही का? तरंगलं तर चांगलं, बुडलं तर पीव्हीसी?

घन प्लास्टिकसाठी हा उपाय ठीक आहे. फोमला तो लागू नाही. आत हवा असल्यामुळे सनबोर्डही पाण्यावर मजेत तरंगतो.

नेलपॉलिश रिमूव्हरची चाचणी?

त्यात ॲसिटोन असेल तरच. हल्ली ॲसिटोन नसलेलेही मिळतात, बाटलीवर वाचा. एक थेंब टाकला की पॉलिस्टायरीनचा फोम डोळ्यांदेखत खचून खड्डा पडतो. ईव्हीए आणि पॉलिथिनला तसं होत नाही. पॉलिस्टायरीन ओळखायला छान आहे, पण पीव्हीसी नाही याची खात्री यातून मिळत नाही. त्यासाठी तारच.

निळा इन्सुलेशन फोम पॉलिस्टायरीनचा आहे असं लिहिलंय, तरी तार हिरवी झाली. चाचणी चुकली का?

बहुतेक चुकली नसावी. बांधकामाच्या फोममध्ये आग लवकर धरू नये म्हणून ब्रोमीन असलेली रसायनं घालण्याची पद्धत आहे. त्यातलं एचबीसीडी नावाचं रसायन २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत घातलं गेलं, पण जुना माल आणि ब्रोमीनचेच दुसरे पर्याय बाजारात आहेत. ब्रोमीनही तारेवर हिरवंच जळतं. तो धूरही आपल्याला नकोच, त्यामुळे निर्णय बदलत नाही.

मग लेझरला चालतं तरी काय?

ईव्हीए सगळ्यात सरळ वागते. कड स्वच्छ येते, थोडा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कोरीवकामही उठून दिसतं. कागदी फोम बोर्ड चालतो, पण लाडाने वागवावा लागतो. पॉलिथिन फोम कापला जातो, पण पेटण्याची हौस दांडगी. थर्मोकोलला लेझर नको, गरम तारेचा कटर त्याच्यासाठीच आहे. गादीचा पॉलियुरेथेन फोम मी घेत नाही. तो जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू देतो आणि माझ्या गाळ्याचा धूर शेजारच्या गाळ्यात बसलेल्या माणसांपर्यंत जाऊ शकतो.

माल बरोबर निघाला. आता यंत्रावर चाचणी कशी घ्यायची?

एक फूटभर तुकडा वेगळा काढा. त्यावर दहा-दहा मिलिमीटरचे चौकोन, पाच आडव्या ओळी, पाच उभ्या रांगा. ओळीत पॉवर बदलायची, रांगेत वेग. आमच्या ६० वॉटच्या यंत्रावर पाच मिलिमीटर फोम बोर्डासाठी मी १२, १५, १८, २१, २४ टक्के पॉवर आणि सेकंदाला २०, ३०, ४०, ५०, ६० मिलिमीटर वेग असा पट मांडते. तुमची ट्यूब वेगळी, आकडे वेगळे. पट मांडायची रीत मात्र हीच. लेझर चालवण्याच्या सॉफ्टवेअरपैकी लाइटबर्नमध्ये हा पट तयार मिळतो, आरडीवर्क्समध्ये मी तो हाताने मांडते.

दोन चौकोनांत निदान पाच मिलिमीटर जागा सोडा. फोममध्ये उष्णता बाजूला पसरते आणि शेजारचा चौकोन नाहक खचतो. सुरुवात सगळ्यात कमी पॉवर आणि सगळ्यात जास्त वेगाच्या कोपऱ्यातून करा. पेटलाच तर शेवटच्या कोपऱ्यात पेटेल, तोवर बाकीचं वाचून झालेलं असेल. काचेच्या ट्यूबला फार खालच्या टक्क्यांवर धड पेटता येत नाही, ठोके चुकल्यासारखी तुटक रेघ येते. अशा वेळी पॉवर आणखी उतरवू नका, वेग वाढवा किंवा फोकस दोनेक मिलिमीटर वर घ्या.

निकाल लगेच वाचू नका. दहा मिनिटं थांबा, फोम निवेपर्यंत आकसत असतो. मग तुकडा उलटा करा. वरून सुंदर दिसणारा कट खालून चाळणीसारखा निघू शकतो. खिडकीसमोर धरून उजेड कुठे आरपार येतो ते पाहा. कडेवर बोट फिरवा : काचेच्या मण्यांसारखे टणक थेंब लागले तर उष्णता जास्त झाली. कागदाची कड तपकिरी असेल तर वेग कमी पडला किंवा हवा कमी पडली.

चांगला चौकोन सापडला की त्या चौकोनावरच पेनाने तारीख, पॉवर, वेग, कुठून आणली आणि गठ्ठा कुठला ते लिहा. आमच्या भिंतीवर असे शंभरेक तुकडे खिळ्याला टांगलेले आहेत. वहीपेक्षा ते खरे, कारण कड हाताने चाचपता येते.

फोमवर खोल कोरीवकाम होईल का? देवाचा चेहरा, नक्षी वगैरे?

लाकडासारखं नाही. पॉलिस्टायरीन फोम जवळजवळ सगळा हवाच असतो, थर्मोकोलमध्ये तर ९८ टक्क्यांच्या आसपास. लाकडात किरण थर जाळत खाली जातो. इथे हवेच्या बुडबुड्यांच्या पातळ भिंती किरण पोचण्याआधीच आकसून बाजूला होतात. शंभर अंशांच्या आसपास पॉलिस्टायरीन मऊ पडायला लागतं. त्यामुळे पॉवर जराशी वाढली की खड्डा दुप्पट, आणि बारीक नक्षीची नाकं-डोळी एकमेकांत विरघळतात.

माझा आवडता मार्ग वेगळा आहे. फक्त वरचा कागद कापला जाईल एवढीच पॉवर ठेवा, फोमला धक्का नको. मग नक्षीतला कागद पातळ सुरीच्या टोकाने उचलून हळूच सोलून काढा. कागद गुळगुळीत आणि आतला फोम खरखरीत राहतो, आणि बाजूने दिवा लावला की नक्षी सावलीने उठून येते. वेळ लागतो. पण मागच्या वर्षी एका मुलीने याच पद्धतीने जाळीची खिडकी केली होती. ती टेबलावर ठेवल्यावर दोन मिनिटं गाळ्यातलं कुणी काही बोललं नाही.

कोरायचंच असेल तर रेघांमधलं अंतर लाकडाला ठेवता त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. म्हणजे ०.१ ऐवजी ०.२ ते ०.३ मिलिमीटर.

कापलेला तुकडा मापाला कमी भरतो आणि कड आत गेल्यासारखी दिसते. का?

किरण जेवढा रुंद असतो त्याहून जास्त फोम वितळतो. कागद टिकतो, फोम मागे सरतो, म्हणून कडेला कागदाची ओठासारखी पट्टी राहते. काटकोनात जोडताना तिथेच फट दिसते.

गोदाघाटाच्या पायऱ्यांचं मॉडेल आठवतं. प्रमाण १:१००, तीन मिलिमीटरचा बोर्ड, म्हणजे एका थराला तीस सेंटिमीटरची पायरी. चौदा थर. प्रत्येक थर अर्धा मिलिमीटर कमी भरला. घाट नुसता रचला असता तर कळलंही नसतं, पण तो शेजारच्या भिंतीच्या खाचेत बसवायचा होता आणि प्रत्येक पायरी हलायला लागली. ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोरची तपासणी, दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री अकरा वाजता सगळं पुन्हा कापलं.

म्हणून आधी ५० मिलिमीटरचा एक चौकोन कापा आणि व्हर्नियरने वर, खाली आणि मध्ये मोजा. जेवढा कमी, त्याच्या निम्मं माप सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या बाजूला वाढवा. एका सावकाश पासऐवजी दोन वेगवान पास दिले तर फोम कमी मागे सरतो. जोडायला पांढरा फेविकॉल वापरा. रबरी, उग्र वासाचे गोंद पॉलिस्टायरीन खातात.

आग लागते का खरंच?

लागते. पॉलिस्टायरीन आणि पॉलिथिन वितळून थेंब थेंब खाली गळतात आणि हनीकोम्बखाली, म्हणजे बेडच्या जाळीखाली, पेटत राहतात, वरून दिसत नाही. नोझलची हवा चालूच हवी. मात्र जोर बेताचा ठेवा, फार जोरात सोडली तर वितळलेला माल कटमध्येच कोंबला जातो. बेडखालचा ट्रे रोज साफ करा. अग्निशामक सिलिंडर हाताच्या अंतरावर हवा. आणि चहाला जायचं असेल तर यंत्र थांबवून जा. फोम चालू असताना मी फोनही उचलत नाही.

सकाळी जमलेलं सेटिंग दुपारी बिघडतं. यंत्र खराब झालंय का?

एप्रिल-मे असेल तर आधी पाणी पाहा. ट्यूबचं पाणी तापलं की पॉवर उतरते. सीडब्ल्यू-३००० म्हणून जो डबा मिळतो तो फक्त पंख्याने गार करतो, खोलीच्या तापमानाखाली पाणी नेऊ शकत नाही. बाहेर चाळीस असताना त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? कॉम्प्रेसरचा चिलर हवा, नाहीतर चाचणी आणि काम दोन्ही सकाळी उरका.

पावसाळ्यात दोष बोर्डाचा असतो. कागद ओल धरतो आणि शीट पापडासारखी वळते. मध्ये फोकस बरोबर, कोपऱ्यात गेला. शीट आडव्या, वजनाखाली ठेवा आणि बेडवर चारी कोपऱ्यांना लोहचुंबक लावा.

माझ्याकडे छोटं डायोड लेझर आहे. फ्लॅटच्या गॅलरीत चालवू का?

निळा डायोड, साधारण ४५० नॅनोमीटरचा, पांढऱ्या फोमवर नीट काम करत नाही. प्रकाश परततो, विखुरतो. काळ्या ईव्हीएवर छान चालतो. सीओटूचा १०.६ मायक्रॉनचा किरण रंग बघत नाही, हा मोठा फरक.

गॅलरीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलेन : नको. उघडं यंत्र, निळा किरण, बाजूला मुलं. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घातला तरी तो तुमच्याच डोळ्यांवर असतो, शेजाऱ्याच्या नाही. आणि धूर वरच्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीत जातो.

फोम बोर्ड कापताना गोडसर वास येतो, तो घातक आहे का? एन-९५ मास्क पुरेल?

तो पॉलिस्टायरीन तापल्यावर सुटणाऱ्या स्टायरीनचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं. एन-९५ कण अडवतो, वायू नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि त्याआधी धूर बाहेर खेचणारा चांगला ब्लोअर. वास येतोय याचा अर्थ ब्लोअर कमी पडतोय. काम थांबवून पाइप तपासा.

गणपतीचं मखर फोम बोर्डात करून द्याल?

नाही. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर सजावटीसाठी थर्मोकोलला मनाई आहे आणि फोम बोर्डाच्या पोटात तोच माल असतो. पन्हळी पुठ्ठा किंवा तीन मिलिमीटरचं एमडीएफ आणा. कोरीवकाम कितीतरी सुबक होतं आणि पुढच्या वर्षी तेच मखर पुन्हा वापरता येतं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी सनबोर्डाच्या पाट्या हव्यात. लेझर नाही तर कुठे?

सीएनसी राउटरवर. पाते फिरतं, माल जळत नाही. सातपूर-अंबडला राउटरवाले आहेत.

उरलेल्या कतरणीचं काय करायचं?

कागदी फोम बोर्डाचे मोठे तुकडे आम्ही ठेवतो, मुलं झाडं-माणसं करायला नेतात. बारीक कतरण पोत्यात बांधून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात. सुटी टाकली तर वाऱ्याने नाल्यात आणि तिथून गोदावरीत जाते. डिसेंबरच्या थंडीत गाळ्यांसमोर शेकोट्या पेटतात, तेव्हा कुणीतरी हमखास पोतं घेऊन येतो. शेकोटीत यातला एकही तुकडा टाकू नका. यंत्रात ब्लोअर तरी असतो, शेकोटीभोवती आपण तोंड पुढे करून बसलेले असतो.